आईला मधुमेह, बीपी आणि गुडघेदुखी. गुहागरकडच्या खेड्यात राहून हे सगळं कसं सांभाळायचं?

आधी आईच्या सगळ्या गोळ्या, वैद्यांच्या पुड्यांसकट, एका पिशवीत भरा आणि एकाच डॉक्टरांपुढे ओता. आपल्याकडे साखरेचे डॉक्टर चिपळूणला, हाडांचे रत्नागिरीला, हृदयाचे मुंबईला. एकाने काय दिलंय ते दुसऱ्याला ठाऊकच नसतं.

मला सर्वात जास्त भीती वाटते ती गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांची. मधुमेह आणि बीपी मूत्रपिंडांवर आधीच ताण देत असतात. या गोळ्या तो वाढवतात आणि बीपीही चढवतात. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते यावरून कळतं) आणि लघवीतली प्रथिनं तपासून घ्या, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, तोवर त्या आईच्या हाती देऊ नका. कृपा करून हे टाळू नका. दुखण्यावर दुसरे उपाय आहेत, तेही त्यांनाच विचारा.

साखर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, तिथे नसल्या तर जनऔषधी दुकानात स्वस्त. दरड पडून घाट बंद होतात, म्हणून पावसाळ्याआधी महिनाभराचा जादा साठा घरात हवाच. इन्सुलिन असेल तर वापरात असलेली कुपी साधारण 28 दिवस फ्रिजबाहेर, सावलीत चालते (पाकिटावर मुदत वाचा). वीज गेली की न उघडलेल्या कुप्या डब्यात घालून ओल्या मडक्यात ठेवा.

भात पूर्ण तोडायला सांगू नका, कोकणात ते टिकत नाही. निम्मा करा, ताजे मासे आणि भाजी वाढवा. सुकी मासळी, पापड, लोणचं मात्र बीपीसाठी कमीच.