पाचारण खरे की केवळ ओढ?

प्रश्न : मी २६ वर्षांची असून वसई तालुक्यात राहते आणि एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम पाहते. दर रविवारी चर्चमधील मिस्सेनंतर धर्मग्रामातील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींच्या मेळाव्यात मी मदत करते. हेच आपले आयुष्यभराचे काम आहे, असे प्रार्थनेत वारंवार जाणवते आणि ‘लार्श’ या चळवळीच्या बंगळुरूतील ‘आशा निकेतन’ या घरात राहायला जावेसे वाटते. आई म्हणते, “सिस्टर व्हायचे असेल तर सांग, नाहीतर लग्न कर, हे मधलेच काय?” शिवाय या चळवळीचे संस्थापक झाँ व्हानिए यांच्याविषयी वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे. माझे पाचारण, म्हणजे या कामासाठी देवाने दिलेली हाक, खरे आहे, हे मी कसे ओळखावे?
– एक वाचक, वसई

उत्तर : तुमच्या आईंचा प्रश्न रास्त आहे, कारण हे जीवन खरोखरच मधले आहे. व्हानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समधील त्रोली-ब्रय या गावी, संस्थेत दिवस काढणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या राफाएल आणि फिलिप या दोघांना आपल्या घरी आणले आणि त्यातून ‘लार्श’ ही चळवळ उभी राहिली. या घरांमध्ये अक्षमता असलेली माणसे आणि त्यांचे सहायक एकत्र राहतात. सहायक व्रतस्थ नसतात. काही वर्षभर राहून परततात, काही लग्न करूनही या कामाशी जोडलेले राहतात. भारतात १९७० मध्ये बंगळुरूला ‘आशा निकेतन’ सुरू झाले. तेथे हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती एका छताखाली राहतात, त्यामुळे घरातली सायंप्रार्थना तुमच्या धर्मग्रामासारखी असेल, अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका.

व्हानिए यांच्याबद्दल स्पष्टच लिहितो. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीतून आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सविस्तर अहवालातून असे उघड झाले की १९५२ ते २०१९ या काळात त्यांनी किमान २५ स्त्रियांशी, बहुधा आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून, लैंगिक गैरवर्तन केले होते. या स्त्रियांमध्ये अक्षमता असलेली एकही नव्हती, हे खरे असले तरी त्याने अपराध हलका होत नाही. त्यांचे गुरू फादर तोमा फिलिप यांना तशाच कृत्यांसाठी ख्रिस्तसभेने (चर्चने) १९५६ मध्येच शिक्षा केली होती आणि व्हानिए यांना ते ठाऊक होते. यावरून त्या घरांतील सहजीवन खोटे ठरत नाही. मात्र देवाची इच्छा तुमच्यापेक्षा आपल्यालाच अधिक कळते, असे एकांतात सांगणाऱ्या कुणाच्याही हाती स्वतःला सोपवू नये, हे नक्की ठरते. म्हणून कोणत्याही घरी जाण्यापूर्वी तक्रार कुणाकडे करायची, ती व्यक्ती त्या घराच्या प्रमुखाच्या अखत्यारीबाहेरची आहे का आणि सोडून गेलेल्या सहायकांशी बोलता येईल का, हे निःसंकोच विचारा. अशा प्रश्नांनी कुणी दुखावले गेले, तर तेथे जाऊ नये.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रार्थनेत जाणवलेली ओढ खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. पण ती पाचारणाची अर्धीच बाजू आहे. उरलेली बाजू ज्यांच्यासोबत राहायचे, त्यांच्याकडून कळते. रविवारच्या मेळाव्यात तुम्ही पाहुण्या असता आणि तुमच्या येण्याचा सर्वांना आनंद होतो. घरात मात्र मंगळवारी पहाटे कुणाला तरी स्नान घालायचे असते, फिट आल्यास धीराने सावरायचे असते, एकच प्रश्न दिवसभर ऐकायचा असतो आणि रात्री एखाद्या सहायकाशी भांड्यांवरून वाद होतो. येल आणि हार्वर्ड येथे शिकवलेले हेन्री नौवेन हे धर्मगुरू १९८६ मध्ये टोरंटोजवळील ‘डेब्रेक’ या लार्श घरात राहू लागले. त्यांच्याकडे ॲडम नावाच्या, बोलू न शकणाऱ्या तरुणाला रोज सकाळी उठवण्याचे, आंघोळ घालण्याचे आणि भरवण्याचे काम आले. ॲडमला त्यांच्या विद्वत्तेशी काहीच कर्तव्य नव्हते. तुमच्याही चांगुलपणाची तेथे कुणी विशेष दखल घेणार नाही, आणि ती घेतली गेली नाही तरी राहावेसे वाटते का, हे राहूनच कळेल.

म्हणून ‘आयुष्यभर’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवा. अशा घरांतील अनेकांना कधीतरी जवळच्या माणसांनी सोडलेले असते आणि त्यानंतरही त्यांनी कितीतरी सहायकांना निरोप दिलेला असतो. कायमची राहीन असे सांगून आठव्या महिन्यात निघून जाण्यापेक्षा, मी वर्षभरासाठी आले आहे, असे आरंभीच सांगणे अधिक प्रामाणिक होईल. त्याआधी रजा काढून काही आठवडे राहून या. मानधन किती, भविष्य निर्वाह निधी आणि आरोग्य विमा आहे का, सुट्टी कधी मिळते, हे लेखी घ्या. त्याने श्रद्धा उणावत नाही. विशेष शिक्षिका होण्याची इच्छा असेल तर मार्ग वेगळा आहे : त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी आवश्यक असते. हिशेबाचे कौशल्यही कमी लेखू नका. अशा संस्थांना भाविकांपेक्षा चोख हिशेबनीस मिळणे अवघड जाते.

आईंना मात्र निर्णय झाल्यावर कळवू नका. पहिल्या भेटीला त्यांनाही सोबत न्या, त्या घरी एक दिवस राहू द्या आणि परतीच्या गाडीत त्यांचे मत आधी ऐकून घ्या.