अ‍ॅक्युपंक्चरला गेल्यावर काय होतं? आईच्या गुडघ्यांना उपयोग होईल का?

तुम्ही खानापूरहून विचारलंय की आईंचे गुडघे झिजलेत, बेळगावात अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे अंगाला बारीक सुया टोचून करायचा उपचार, करून बघावा का, आणि सुया म्हटलं की त्या घाबरतात. मी बेळगावातल्या वडगावचा. मागावर काम करून मान धरायची म्हणून हे उपचार घेतलेत.

आधी भीतीचं बोलू. ही सुई इंजेक्शनची नव्हे. ती पोकळ नसते, तिच्यातून औषध सोडत नाहीत, जाडी साधारण पाव मिलिमीटर. टोचताना मुंगी चावल्यागत होतं, बस. नंतर सुई जराशी फिरवतात तेव्हा आत जडपणा, ठणका, कधी झिणझिण्या जाणवतात. ते व्हायचंच. पण सणसणून कळ गेली तर तिथल्या तिथं सांगायचं. आपल्याकडच्या बायका डॉक्टरांपुढं दुखत असलं तरी 'काही नाही, बरं आहे' म्हणतात. आईंना घरातून निघतानाच हे बजावून ठेवा.

उपाशीपोटी नेऊ नका, भोवळ येते. एक्स-रे आणि चालू गोळ्या सोबत घ्या. रक्त पातळ करायची गोळी असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल तर आधी सांगा, कारण काही ठिकाणी सुयांना हलका करंटही लावतात. सुया गुडघ्याभोवती आणि पोटरीवर लावतात, कधी हातावरसुद्धा. वीस ते तीस मिनिटं पडून राहायचं. नंतर थोडी गुंगी येते, एखादा निळा डाग उठतो. लगेच बस पकडायची घाई नको.

आता उपयोगाचं. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली हाडांवरची गादी, यानं परत येत नाही. दुखणं काही जणांचं कमी होतं. तज्ज्ञांचंही एकमत नाही: अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली गुडघ्यासाठी याची सशर्त शिफारस केली, तर ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०२२ साली संधी झिजण्यावर हे देऊ नका म्हणून सांगितलं. खऱ्या सुया आणि नुसत्या नावाला टोचलेल्या सुया यांच्यातला फरक अभ्यासांत फार मोठा निघत नाही. माझी मान मोकळी झाली हे खरं, पण व्यायाम सुरू केल्यावरच ती तशी राहिली. म्हणून मांडीच्या स्नायूंचा व्यायाम कुठल्याही परिस्थितीत सोडू देऊ नका. गुडघ्यासाठी सगळ्यात भरवशाचा उपाय तोच.

माझं मत विचाराल तर पाच-सहा वेळा करून बघा. त्याआधी आई किती पायऱ्या चढतात, देवळापर्यंत न थांबता जातात का, हे लिहून ठेवा. तेवढ्यात काहीच फरक नसेल तर पैसे घालवू नका. वर्षभराचं पॅकेज गळ्यात मारणारा किंवा बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करा म्हणणारा भेटला तर तिथून उठा. सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, आणि शिक्षण कुठं झालं ते सरळ विचारा. महाराष्ट्रात यासाठी वेगळा कायदा आहे, त्यामुळं कोल्हापूरला नेलंत तर नोंदणीही विचारा.

हे चिनी खूळ आहे असं घरात कोणी म्हणालं तर सांगा, १९३८ साली सोलापूरचे डॉ. कोटणीस ज्या पथकातून चीनला गेले, त्यातल्याच डॉ. बसूंनी पुढं ही विद्या भारतात आणली.

आणि गुडघा लाल होऊन गरम लागत असेल, ताप असेल किंवा चालताना अडकून बसत असेल, तर सुयांचा विचार बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.