रिव्हॉल्वरच्या बाजूला बसू नका, भाऊ

प्रश्न : गेल्या पंधरवड्यात रात्री आमच्या तुरीत रानडुकरं शिरली. शेजारच्या कास्तकाराकडं लायसनचं ०.३२ बोअरचं रिव्हॉल्वर आहे. मी धुऱ्यावर त्याच्या उजव्या अंगाला, त्याच्या हाताला हात लावून बॅटरी धरून होतो. त्यानं दोन बार काढले. नळीच्या तोंडातून जाळ निघाला तो निघालाच, पण माझ्या बाजूनंही निघाला. मनगटाला चटका बसला, बारीक काळे ठिपके उठले. तेव्हापासून उजव्या कानात रातकिडा बसल्यासारखी किरकिर आहे. शेजारी म्हणतो, बारा बोअरच्या लांब बंदुकीपुढं हे खेळणं आहे, पुढच्या वेळी कानात कापूस घाल. खरं काय?
— एक कास्तकार, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : तुमचं पत्र आलं त्याच दिवशी फोनवर बोललो, तेच इतरांसाठी लिहितो. किरकिर दुसऱ्या दिवशीही राहिली तर थेट कानाच्या डॉक्टरकडं जायचं, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, काढायचा. अशा वेळी काही उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगाचे असतात. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ती काही पऱ्हाटी नव्हे, की खोडवा फुटेल. मी पोलिसात एकतीस वर्षं आर्मोरर, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा, होतो. डाव्या कानानं मला कोकिळा ऐकू येत नाही, मोबाईलची रिंगही नाही.

आता तो बाजूचा जाळ. रिव्हॉल्वरमध्ये फिरणारा सिलिंडर वेगळा आणि नळी वेगळी. सिलिंडर फिरायला हवा म्हणून दोघांमध्ये फट ठेवलेली असते, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापासून पाव मिलिमीटरपर्यंत. मोटारसायकलचे मेस्त्री टॅपेट सेट करताना जी फिलर गेजची पाती घालतात, त्याच पात्यांनी आम्ही ती मोजायचो. गोळी ती फट ओलांडून नळीत शिरते तेव्हा मागचा तापलेला वायू दोन्ही बाजूंनी पंख्यासारखा बाहेर फेकला जातो. चालवणाऱ्याचा हात फटीच्या मागं असतो, तुमचा नेमका तिच्या रेषेत होता.

आणि जाळ होतो कसा? काडतुसातल्या दारूला जळायला नळीत पुरेसा प्राणवायू मिळत नाही. अर्धवट जळलेला वायू बाहेर येतो तो तापलेलाच, आणि हवा मिळताच पेट घेतो. चुलीत ओली पऱ्हाटी नुसती धुपत असते, फुंकणी मारली की तोच धूर भप्पकन पेटतो ना, तसं. नळी आखूड असली की वायू जास्त दाबानं आणि जास्त गरम बाहेर पडतो, म्हणून भडकाही मोठा. दिवसा तो जाणवतही नाही. रात्री मात्र अंधाराला सरावलेले डोळे एका बारात दिपतात आणि पुन्हा सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात डुक्कर कुठून अंगावर येईल, सांगता येत नाही.

०.३२ तसं सौम्य. त्याची गोळी आवाजापेक्षा हळू जाते. एकदा गोळीबाराच्या रेंजवर एका लायसनदाराचं जुनं विलायती ०.३५७ मॅग्नम रिव्हॉल्वर तपासायला आलं होतं. ही काडतुसाची जात १९३५ सालची. तिची गोळी आवाजाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरला, मागं टाकते. त्यामुळं नळीच्या धडाक्यावर आसूड फुटल्यासारखा आणखी एक चट्ट आवाज चढतो. आसुडाचं टोकही त्याच कारणानं वाजतं. शेडखाली उभा होतो, पत्र्यानं आवाज परत अंगावर टाकला, छातीत बसला. पांढऱ्या कागदाचा ताव फटीच्या शेजारी धरून ठेवला होता, पहिल्याच बाराला त्याला काळी रेघ पडली आणि रेघेवर कागद फाटला. त्यानंतर शिकाऊ पोरांना मी तो फाटका ताव दाखवायचो. भाषणापेक्षा बरा.

बारा बोअरचं सांगतो. त्याची नळी दोन-अडीच फुटांची, आवाज कानापासून लांब फुटतो. रिव्हॉल्वर वीतभर, त्यात बाजूला फट. १४० डेसिबलच्या (आवाज मोजायचं माप) वरचा एकच धक्काही कानाला धोक्याचा धरतात, आणि दोन्ही हत्यारं त्याच्या वरच आहेत. त्यामुळं खेळणं कुठलंच नाही. कापूस आपल्या शेतातला असला म्हणून कानात भरवसा ठेवू नका, तो जेमतेम काही डेसिबल कमी करतो. फोमचे बोळे नीट पिळून आत सारायचे, वरून कान झाकणारा इअरमफ. जागलीला ते लावून बसता येत नाही, हे मलाही कळतं. म्हणून बार काढायच्या आधी बाजूचा माणूस मागं गेला पाहिजे, एवढं तरी पाळा.

डुकरं पळवायला हवेत बार काढत असेल, तर शेजाऱ्याला बजावा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. डुकरांसाठी वनखात्याच्या परवानगीची वाट वेगळी आहे.

एक शेवटचं. मनगटावरचे ठिपके भिंगातून पाहा. काळे असतील तर दारूचे कण. चकाकणारी राखाडी किरचं दिसली, तर ते शिसं आहे, म्हणजे सिलिंडरची भोकं नळीसमोर नीट येत नाहीत आणि गोळी कडेला घासतेय. तसं असेल तर ते हत्यार परवानाधारक दुकानदाराकडून तपासून घेईपर्यंत उचलू नका. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं तर मुळीच नेऊ नका, त्यानं दुरुस्त केलेली दोन मी पाहिली आहेत.