गेम अडकतोय, पण नेमका कुठे?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे, पैसे थोडे आहेत, ऑनलाइन गेम धड चालत नाही, काय बदलू? त्यातली चार पत्रं घेतलीत. ज्यांना जास्त घाई झालीय आणि चुकीची वस्तू घेऊन बसतील असं वाटलं, त्यांना सविस्तर लिहिलंय.

प्रश्न : दादा, माझ्याकडे रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम स्टिक आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. एरवी शंभरच्या वर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) असतात, पण चारपाच जण एकदम समोर आले की धाडकन चाळीसवर येतात आणि मी तिथंच मरतो. वर्षभर पैसे साठवलेत. सगळे मित्र म्हणतात मोठं ग्राफिक्स कार्ड घे. घेऊ का?

अजून घेऊ नकोस. कार्ड वाईट वस्तू नाही, पण तुझी अडचण कार्डातच आहे हे कुणी तपासून पाहिलंय का? मित्रांनी नाही पाहिलेलं, तू पण नाही.

गेममध्ये कामाची वाटणी असते. भिंती, सावल्या, स्मोकचा धूर हे चित्र रंगवायचं काम कार्डाचं, पण कोण कुठे पळतोय, गोळी कुणाला लागली, सर्व्हरकडून काय आलं हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि तो झाल्याशिवाय कार्डाला पुढची फ्रेम मिळतच नाही. त्यामुळे आधी एक करून बघ. एफपीएस आणि कार्डाचा वापर दोन्ही स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतील असं सेट कर आणि बॉट्सबरोबर (कॉम्प्युटरच चालवतो ते खेळाडू) गर्दीची मॅच खेळ. एफपीएस पडतात त्याच क्षणी आकडा बघायचा, मॅच संपल्यावर नाही. कार्ड ९५-९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड दमलंय. ५०-६० वर रेंगाळत असेल तर ते बिचारं वाट बघत बसलंय. दुसरी खूण म्हणजे रिझोल्यूशन (चित्राची बारकाई) थेट ७२० वर आण, एफपीएस उसळले तर अडचण कार्डाची, जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर-रॅमची. आणि टास्क मॅनेजर प्रोसेसर ४० टक्के दाखवतोय म्हणून त्याला निर्दोष सोडू नकोस, तुझ्या प्रोसेसरला १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा) आहेत, त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के दिसतो आणि गेमची गाडी बऱ्याचदा त्या एकाच थ्रेडवर अडते.

तू लिहिलेली लक्षणं वाचून माझा पहिला संशय रॅमवर आहे. ८ जीबीत विंडोज, गेम, व्हॉइस चॅट आणि मागे उघडं राहिलेलं ब्राउझर मावत नाही, मग विंडोज थोडा डेटा डिस्कवर ढकलतं आणि तो परत आणताना गेम गचका खातो. वर तुझी स्टिक एकटीच, म्हणजे सिंगल चॅनल, प्रोसेसरकडे जाणारा एकच रस्ता. ३२०० स्पीडच्या एका डीडीआर४ स्टिकमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी जातात, दोन असल्या की ५१.२. रायझनला हा रस्ता रुंद लागतो. आहे त्याच स्पीडची, जमलं तर त्याच मॉडेलची दुसरी ८ जीबीची स्टिक घे. बोर्डावर चार स्लॉट असतील तर दोन स्टिक बहुतेक वेळा प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं ते बघच. शेजारी शेजारी लावल्या तर त्या बहुतेक बोर्डांवर एकाच चॅनलवर बसतात आणि फायदाच मिळत नाही. दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ दाबायचं, चिमटा कट्‌ करून स्वतः मिटला पाहिजे. एका बाजूचा मिटला आणि दुसरा अर्धवट राहिला तर मशीन चालूच होत नाही आणि माणूस घाबरतो की काहीतरी जळलं.

त्यानंतर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या लिहिलेल्या स्पीडवर चालवणारी सोय चालू कर, काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. हे न केल्यामुळे माझ्या जुन्या मशीनमध्ये ३२०० ची रॅम दोन वर्षं २१३३ वर चालत होती आणि मला पत्ताच नव्हता, ज्या दिवशी बदललं त्या दिवशी खेळताना हाताला फरक जाणवला इतका तो होता. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर स्पीड लिहिलेला असतो, आत्ता वाचता वाचता बघून घे. तुझा २६०० अधिकृतपणे २९३३ पर्यंतच आहे, ३२०० वर मशीन अडखळलं तर २९३३ वर ठेव, काही बिघडत नाही.

एवढं करूनही गर्दीत पडलंच, तर मग प्रोसेसर. बोर्ड बदलायची गरज नाही! एएम४ सॉकेटचं, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचं, हेच मला मनापासून आवडतं, तुझ्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. कोअर तुझ्याएवढेच सहा, पण तुझ्याकडे १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) आहे आणि तीही ८-८ अशी वाटलेली, त्याच्याकडे ३२ एमबी एकसंध, आणि असल्या गेमना कॅश फार मानवते. फक्त त्यासाठी लागणारं बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं, आधी काढून ठेवलास तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. अपडेट चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवड.

कार्डाचा विचार शेवटी, तोही ती ७२० ची चाचणी परत करून. तोपर्यंत साठवलेले पैसे तसेच राहू देत.

प्रश्न : ताई/दादा जे कुणी असाल, मी गेम खेळत नाही पण मुलगा खेळतो. पिंग दीडशेच्या वर जातंय, लॅग होतंय, नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊन दे म्हणून मागे लागलाय. खरंच उपयोग होईल का हो?

पिंगसाठी नाही होणार ताई, आणि तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. मुलगा खोटं बोलत नाहीये, त्याला त्रास होतोय हे नक्की, फक्त दोन वेगळ्या दुखण्यांना सगळीच मुलं लॅग म्हणतात. चित्रच अडखळत असेल, माउस फिरवला की स्क्रीन धक्के खात फिरत असेल तर दुखणं मशीनचं. चित्र लोण्यासारखं चाललंय पण समोरचा खेळाडू एकदम इकडून तिकडे उडी मारतो, मारलेली गोळी लागतच नाही, तर ते इंटरनेटचं. पिंग म्हणजे त्याच्या मशीनकडून निरोप सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात. त्यात कार्डाचा संबंध येत नाही.

तुमच्या घरात करण्यासारखं एकच काम, राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅनची केबल टाका. वायफाय हवेतून जातं, भिंत आली, शेजाऱ्यांचे राउटर आले की निरोप वाटेत हरवतो आणि परत पाठवावा लागतो, त्यानेच पिंग मधूनच उसळतं. केबल टाकूनही संध्याकाळी वाढत असेल तर त्या वेळी घरातल्या कुणाचा फोन फोटोंचा बॅकअप चढवतोय का बघा, अपलोड भरून गेलं की गेमचे बारीक बारीक निरोप त्या रांगेत मागे अडकतात. राउटरमध्ये क्यूओएस नावाची सोय असेल तर ती त्यासाठीच असते. आणि त्याला म्हणावं गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर कुठला निवडलाय ते दाखव. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर ५,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन येऊन ५० मिलिसेकंद नुसत्या अंतराचेच झाले, ते कुठल्याही खरेदीने कमी होत नाहीत.

प्रश्न : ऑफिसमधून निघालेला एक जुना ब्रँडेड डेस्कटॉप मिळालाय, सहाव्या पिढीचा आय५. सेकंडहँड कार्ड टाकून गेमिंग पीसी करायचाय. कुठलं टाकू?

झाकण उघडा आणि आधी पॉवर सप्लायवरचा स्टिकर वाचा. असल्या डब्यांमध्ये तो बऱ्याचदा २४० वॉटच्या आसपासचा असतो, कार्डाला द्यायची जादा वायर नसते आणि बोर्डाचा सॉकेटही कंपनीचा स्वतःचा असतो, त्यामुळे बाहेरचा सप्लाय सरळ बसत नाही. मग उरतात स्लॉटमधूनच वीज घेणारी कार्डं, स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. जीटीएक्स १०५० टीआय आणि १६५० ची बरीच मॉडेल्स यात बसतात, त्यापेक्षा बरं हवं तर ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०, ते ७० वॉटचं आहे. ८ जीबीच्या ३०५० शी गल्लत करू नका, नाव एकच पण ते १३० वॉट मागतं. डबा चपटा असेल तर लो प्रोफाइल मॉडेल लागेल, उंची मोजून घ्या. स्वस्त दिसतं म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी मात्र घेऊ नका, ते जादा वायर मागतंच, शिवाय त्याच्या फक्त चार लेन (डेटा जायचे रस्ते) आहेत आणि तुमच्या बोर्डाच्या पीसीआयई ३ स्लॉटवर त्याचा श्वास कोंडतो. सेकंडहँड कार्ड समोर अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, पाच मिनिटांत गरम होणारं कार्डही पहिल्या मिनिटाला छानच चालतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आत्ताच सांगितली पाहिजे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि सहावी पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. आडवाटेने ११ टाकता येतं, पण व्हॅलोरंट हा गेम ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या सुरक्षेच्या सोयी मागतोच. तुमचा गेम तोच असेल तर कार्डाचे पैसे यात घालू नका, नव्या बोर्ड-प्रोसेसरसाठी ठेवा. हलके, जुने गेम असतील तर बिनधास्त करा.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, काहीच फरक दिसत नाहीये. फसलो का?

नाही हो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावलीय की वर बोर्डाच्या पोर्टात? खाली, कार्डात लावा, शक्यतो डिस्प्लेपोर्ट. मग डिस्प्ले सेटिंग, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा) बहुतेक अजून ६० च असेल. तो १४४ करा आणि माउस नुसता गोल फिरवून बघा.