टेबलाची फळी खोलगट झाली

प्रश्न : ५० मिमी जाड, ७५० मिमी रुंद अखंड फळी रंधून सपाट केली, लोखंडी पाय स्क्रूने घट्ट आवळले, वरून पॉलिश केलं. दोन महिन्यांत फळी मधोमध खोलगट झाली, एका टोकाला चीर पडली. काय चुकलं?

उत्तर : बहुधा तिन्ही गोष्टी : फळी पुरती न वाळताच रंधली, पॉलिश एकाच बाजूला दिलं, स्क्रू घट्ट आवळले. उघड्यावर वाळणाऱ्या फळीला जाडीच्या दर २५ मिमीमागे साधारण वर्ष लागतं. घरातल्या टेबलासाठी ओलावा ८ ते १२ टक्के हवा. ओलावा मोजायचं मीटर नसेल तर दर आठवड्याला वजन करा. ते उतरायचं थांबलं की फळी स्थिरावली. पॉलिश फक्त वरून दिलंत, म्हणून खालची बाजू ओलावा वेगळ्या गतीने घेते-सोडते. शिवाय लाकूड रेषांना आडवं आकसतं-फुगतं, आणि एवढ्या रुंदीत ७-८ मिमी सहज. घट्ट स्क्रूंनी ती वाट अडवली, म्हणून चीर.

आता पाय काढा. फळीखाली सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन, दोन्हीकडून वारा लागेल अशी महिनाभर ठेवा. शिकंजात दाबून सरळ करण्याच्या फंदात पडू नका. सोडली की पुन्हा वळेल. मग राउटरने (लाकूड कोरायचं फिरत्या पात्याचं यंत्र) दोन्ही बाजूंनी सारखंच, एका फेरीत १-२ मिमी काढा. चिरेवर डमरूच्या आकाराचा कडक लाकडाचा तुकडा बसवा: खोली जाडीच्या निम्मी, त्याच्या रेषा चिरेला आडव्या. पायांच्या पट्टीत मधलं भोक गोल ठेवा, कडेची रुंदीच्या दिशेने लांबट करून वायसर घाला. पॉलिशचे हात वर-खाली सारखे. टोकांना एक जास्तच.