कोकणात हॉप्स लावायचंय? आधी उजेडाचं बघा

प्रश्न (गुहागर) : पोफळीच्या बागेजवळ रिकामं शेडनेट आहे. त्यात हायड्रोपोनिक पद्धतीने (मातीशिवाय, खत मिसळलेल्या पाण्याच्या द्रावणावर) हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारा वेल, लावून घरच्या बिअरपुरतं पीक निघेल का? द्रावण कोणतं वापरावं?

उत्तर : चार-सहा वेल हौसेखातर जरूर लावा. कर्ज काढून करण्याचं हे पीक नव्हे. हॉप्स मूळचं थंड हवेतलं. आपल्या देशात ते हिमाचलच्या लाहौल भागात घेतलं जातं.

द्रावणाचं नंतर बघू, खरी अडचण उजेडाची आहे. हा वेल लांब दिवसांत वाढतो आणि दिवस आखूड झाला की फुलतो. आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही जेमतेम सव्वातेरा तासांचा. त्यामुळे वेल पुरता चढायच्या आतच फुलावर येतो नि बोंडं मोजकीच लागतात. पॉलिहाऊसमध्ये शेवंतीला रात्री दिवे लावतात, तेच इथे करायचं. ऑक्टोबरात लागवड करून दिव्यांनी उजेड १६-१७ तासांवर न्या आणि वेल ४-५ मीटर चढला की दिवे बंद करा. तुमचं शेडनेट तेवढं उंच आहे का, तेही बघा. शिवाय दिवसा वेलाला भरपूर ऊन हवं, दाट जाळी चालणार नाही. रोपं मादीच घ्या. कडवटपणा देणारी पिवळी भुकटी मादी बोंडांतच भरते.

मुळं सतत पाण्यात ठेवण्यापेक्षा बादलीत कोकोपीट आणि वर ठिबक बरं. वीज गेली तरी मुळं लगेच सुकत नाहीत, आणि वीज जाणारच! नारळाच्या सोडणापासून केलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं, ते दोन-तीनदा धुऊन घ्या. द्रावणाचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ ठेवा. टाकी सावलीत, शक्यतो जमिनीत पुरलेली असावी. द्रावण २५ अंशांच्या वर तापलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि मूळकूज येते. पांढरी मुळं तपकिरी, बुळबुळीत दिसली की समजा. खाडीकाठची विहीर असेल तर एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं, ईसी (पाण्यातल्या क्षारांचं मोजमाप) तपासल्याशिवाय खत मिसळू नका.

पावसाळ्यात केवडा हा बुरशीसारखा रोग येतो, कोरड्या दिवसांत लाल कोळी ही कीड. खालची मीटरभर पानं काढून हवा खेळती ठेवा. बोंडं मात्र पावसाआधीच उतरवा, दमट हवेत ती वाळत नाहीत. ड्रायरमध्ये ६० अंशांच्या खालीच वाळवा.

परदेशातून रोपं मागवायची तर वनस्पती संगरोधाची (क्वारंटाइनची) परवानगी लागते. आणि बिअरचं म्हणाल, तर हॉप्स पिकवायला आडकाठी नाही. पण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार विनापरवाना घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. त्याची चौकशी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे करा, आमच्याकडे नको.