व्हिडिओ समजतो, पण ट्रायल बॅलन्स जुळत नाही

प्रश्न : ताई, मी बी.कॉम. सेकंड इयरला आहे, आर्णी तालुक्यातल्या खेड्यातून एसटीनं कॉलेजला जाते. गाडी चुकली की लेक्चर गेलंच, म्हणून आम्ही मैत्रिणी यूट्यूबवर अकाउंट्स शिकतो. थांबवून पुन्हा पाहता येतं, सरांना तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते तशी मोबाईलची वाटत नाही. ऑनलाइन क्विझमध्ये मार्कही मस्त पडतात, पण वहीत ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या डेबिट (नावे) आणि क्रेडिट (जमा) बाकींचा तक्ता, काही जुळत नाही. बाबा म्हणतात, "मोबाईल पाहूपाहू कोनी अकाउंटंट झालं का व?" चुकतंय कुठं?

उत्तर : बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे बरं का! क्विझमध्ये चार पर्याय समोर असतात, त्यातलं बरोबर उत्तर नुसतं ओळखायचं असतं, पेपरात मात्र कोरे रकाने, कोणतं खातं डेबिट आणि कोणतं क्रेडिट ते तुलाच ठरवायचं. व्हिडिओत सर सोडवत जातात आणि आपण मान हलवतो. त्यामुळे गणित वाचून झालं की व्हिडिओ तिथंच थांबव, आधी वहीत सोडव आणि अडलं तेवढंच पाहा. आणि ट्रायल बॅलन्स जुळला म्हणून सगळं बरोबर असंही नसतं हं, एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तरी दोन्ही बाजू जुळतात, हे क्विझ नाही सांगत.

जीएसटीसाठी तर घरातलंच बिल घे. बाबांनी कृषी केंद्रातून युरिया आणला असेल, त्यावर ५ टक्के, म्हणजे अडीच केंद्राचा अडीच राज्याचा, आणि फवारणीच्या रासायनिक औषधावर १८, हे स्वतः मांडून पाहा. दुकानदाराचा १५ अक्षरी जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदणी चालू आहे की नाही ते दिसतं, आपल्या महाराष्ट्राचा असेल तर सुरुवातच २७ नं. हा खरा प्रॅक्टिकल, फुकटात.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरची शिकायची आवृत्तीही फुकट आहे, पण त्यात महिन्यातल्या मोजक्याच तारखांच्या नोंदी घेतात, तेव्हा १ तारीख टाकून सराव कर, बिघडली म्हणून डोकं धरू नको. त्याला कॉम्प्युटर लागतो, कॉलेजची लॅब उघडून मागा ना चौघीजणी मिळून! रेंजचं म्हणशील तर गुगल शीट मोबाईलवर ऑफलाइन चालते, वावरात बसूनही खातेवही मांडता येईल.

'स्वयम' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कॉमर्सचे कोर्स फुकट आहेत, सर्टिफिकेट पाहिजे तर परीक्षेची फी भरून सेंटरवर जावं लागतं, त्याचं क्रेडिट पदवीत धरतात का ते फी भरायच्या आधी कॉलेजात विचार.